तिसऱ्या खाटेवरचा रात्रपाळीवाला

गोजरबाईबद्दल लिहायला बसलो की आमची कस्तुरा म्हणते, "तुम्ही काय लिहिणार तिच्याबद्दल? तुम्ही तर तिला वेडी ठरवली होती." हे खरं आहे. मी पुष्कळांना वेडं ठरवलं आहे. मिलच्या दारावर वीस वर्षं टाइमकीपर म्हणून बसलेला माणूस दुसरं काय करणार? कोण उशिरा आला, कोणी दांडी मारली, कोण एकाच आत्याला तिसऱ्यांदा मारून रजा मागतोय, हे बघता बघता माणसांवरचा विश्वास उडतो. भुताखेतांवर तर माझा तो कधी नव्हताच.

माझं नाव श्रीमंत. गाव मैंदर्गी. नावाचा आणि परिस्थितीचा काही संबंध नाही, हे सांगून टाकलेलं बरं. सोलापुरात मिलच्या मागच्या गल्लीत आमची खोली आणि बरोबर समोर गोजरबाईची. ती मूळची मोडनिंबकडची. घरातलं आवरलं की मांडीवर सूप घेऊन दारात बसायची. सुपात एकीकडे कापलेली पानं, एकीकडे तंबाखू. दिवसाला हजार विड्या वळायची आणि बोलायची त्याच्या दुप्पट. मी ड्यूटीवरून आलो की विचारायची, "काय अण्णा, आज कुणाकुणाची हजेरी खाल्ली?" गल्ली हसायची. मलाही हसू यायचं, पण मी दाखवत नसे.

तिचा नवरा मानसिंग आमच्याच मिलमध्ये मागावर होता. चांगला विणकर, पण डावखुरा. मागावर धागा तुटला की बोटांच्या एका हिसक्यात गाठ मारून तो जोडायचा असतो. सगळ्यांची गाठ एका बाजूला वळते, मानसिंगची उलट बाजूला वळायची. कापड तपासताना जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, गाठ बघूनच सांगायचा, हा मानसिंगचा माग.

चौसष्ट सालच्या श्रावणात मानसिंग रात्रपाळीला गेला आणि परत आला नाही. माझ्या दाराची पद्धत अशी होती की आत जाताना कामगाराने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून न्यायचा आणि बाहेर पडताना परत अडकवायचा. मानसिंगने बिल्ला नेला होता. सकाळी भोंगा झाला, पाळी सुटली, सगळे बिल्ले आले, त्याच्या नंबरचा खिळा रिकामा राहिला. आम्ही माग बघितले, गोदाम बघितलं, मागच्या हौदात गळ टाकून बघितलं. माझ्या हजेरी-बुकाप्रमाणे तो माणूस आत गेला आणि बाहेर पडलाच नाही. मी पोलिसांना सांगितलं की मागची भिंत उडी मारून पार करता येते. पुढे कोणीतरी म्हणालं, केमच्या स्टेशनवर तसाच माणूस दिसला. मग तेही बोलणं थांबलं.

घरात तेव्हा गोजरबाई आणि तिचा धाकटा दीर जोतीराम, एवढेच. जोतीराम शिकायला म्हणून भावाकडे आलेला. सासू सोजरबाई मोडनिंबला शेतावर. सगळ्यांना वाटलं, ही आता गावी जाईल. ती गेली नाही. विड्या वळून तिने दिराला शिकवला, आयटीआयला घातला, आमच्याच मिलमध्ये फिटर म्हणून चिकटवला. ह्या बारा वर्षांत कपाळाचं कुंकू आणि हातातल्या हिरव्या बांगड्या तिने उतरवल्या नाहीत. कोणी काही बोललं तर म्हणायची, "मानूस कामाला गेलाय. पाळी लांबलीय."

शहात्तर साली दोन गोष्टी एकदम झाल्या. मिलने जर्मनीहून नवे माग घ्यायचं ठरवलं आणि ते खोलायला-जोडायला शिकण्यासाठी जोतीरामला सहा महिने तिकडच्या कारखान्यात पाठवलं. आणि मोडनिंबहून सोजरबाईचा निरोप आला, की बारा वर्षं भरत आली. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, ही आपल्याकडची रीत. जोतीराम परत आला की त्याच्या हातून दिवाळीनंतरच्या अमावास्येला उरकून घ्यायचं, म्हातारीला मरण्याआधी लेकाची गती झालेली बघायची होती. आता पुतळा जाळला की गोजरबाई विधवा. आणि नंतर मानसिंग जिवंत परतलाच तर त्याला उंबऱ्यात घ्यायचं नाही, असंही लोक मानतात. गोजरबाईने एवढंच कळवलं, "जोती येऊ द्या. तवर मला इचार करू द्या."

जोतीरामची पत्रं यायची ती मी वाचून दाखवायचो आणि उत्तरही मीच लिहायचो, कारण गोजरबाईला अक्षरओळख नव्हती. पहिलं पत्र जूनमध्ये आलं. गल्लीतल्या बायका ऐकायला जमल्या होत्या.

शिकाऊ लोकांना राहायला कारखान्याने एक घर दिलं होतं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तीन खाटा. एकीवर जोतीराम, दुसरीवर तुर्कस्तानचा हसन नावाचा मुलगा. तिसरा रात्रपाळीवाला. हे दोघे पहाटे निघायचे तेव्हा तो आलेला नसायचा, संध्याकाळी यायचे तेव्हा तो गेलेला असायचा. त्याची फक्त विस्कटलेली खाट दिसायची. स्वयंपाकघर सगळ्यांचं एक, फळ्या वेगवेगळ्या, साफसफाईच्या पाळ्या भिंतीवर कागदावर लावलेल्या. हसनला मराठी येत नव्हती, जोतीरामला तुर्की येत नव्हती, दोघांना जर्मन येत नव्हती. दोघांचं सगळं बोलणं बोटांनी. "वहिनी, मी रोज थोडा भात आणि तुमची शेंगाचटणी रात्रपाळीवाल्यासाठी झाकून ठेवतो," असं त्याने लिहिलं होतं. "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताट धुऊन पालथं घातलेलं असतं. चटणी सगळी खातो. हसनला तर ती जिभेला लावली की ठसका लागतो."

ह्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या मिलच्या खोल्यांतून बारा बारा माणसं राहायची, एकाच अंथरुणावर दिवसपाळीवाला रात्री आणि रात्रपाळीवाला दिवसा झोपायचा. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले लोक होते. पाळीवाल्याला उठवायचं नाही, त्याची चौकशी करायची नाही, त्याच्यापुरतं झाकून ठेवायचं, ही आमची शिस्त. जोतीराम ती शिस्त थेट जर्मनीत घेऊन गेला. तो कोण, कुठला, हे त्याने विचारलंच नाही. सोलापूरचा माणूसच अशी चूक करू जाणे.

दुसरं पत्र जुलैच्या शेवटी आलं. त्यात जोतीरामने लिहिलं होतं की खोलीतली कपडे वाळत घालायची दोरी तुटली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तो ती जोडलेली, आणि गाठ आपली विणकराची. "फक्त उलटी वळलेली आहे, वहिनी. मी बोटं फिरवून बघितली. तशी गाठ मला मारता येत नाही."

गोजरबाईची बोटं थांबली. तिला विडी वळताना थांबलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. "परत वाचा," ती म्हणाली. मी परत वाचलं. ती उठली आणि आत गेली.

मला राग आला. मी कस्तुराला म्हणालो, "अगं, ते घर मागवाल्यांचं आहे. तिथे विणकराची गाठ नाही मारणार तर काय न्हाव्याची मारणार? आणि डावखुरे लोक काय फक्त मोडनिंबला जन्मतात? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच." कस्तुरा म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकू नका. तिच्या जागी बसून बघा." मी काही बसून बघितलं नाही.

तिसरं पत्र सप्टेंबरात आलं. गल्लीत कोणी नव्हतं हे बरं झालं. दुपारचे चार वाजले असतील, ऊन स्वच्छ होतं, आणि ते पत्र वाचताना माझ्या मानेवरून कोणी गार हात फिरवावा तसं झालं. घरमालकीण दर शनिवारी चादरी बदलायची. तिने तक्रार केली होती की खोलीत माणसं दोन आणि चादरी तीन का मळतात? जोतीरामने खाटेकडे बोट दाखवून तिसऱ्या माणसाचं सांगितलं. तिने त्याला खाली नेऊन कागद दाखवला. साफसफाईच्या पाळ्या दोघांच्याच होत्या, किल्ल्याही दोघांनाच दिलेल्या. त्या कारखान्यात शिकाऊ लोकांना रात्रपाळीच नव्हती. मग जोतीरामने हसनला बोटांनी विचारलं, तिसरा कोण? हसन खुणांनीच म्हणाला, तुझाच गाववाला ना? तुझी ती तिखट चटणी खातो म्हणजे तुझाच असणार. हसनने त्याला एकदा-दोनदा पाठमोरा बघितला होता, खाटेवर बसलेला. "वहिनी, हे आईला कळवू नका," असा शेवट होता. "मला अजून सहा आठवडे इथेच काढायचे आहेत. मी ताट झाकून ठेवणं बंद केलेलं नाही. बंद करायची हिंमत होत नाही."

मी पत्राची घडी घातली.  

"कागद घ्या अण्णा," ती म्हणाली. "उत्तर लिवा."

नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे, तेव्हाही घेतलं नाही. "जोतीला म्हनावं, भिऊ नगं. त्यास्नी एक निरोप दे. ताटाजवळ उभा ऱ्हा आन् मोठ्यानं सांग. म्हनावं, गोजर लई दमली. बारा वरसं दाराकडं तोंड करून झोपती, कूस बदलली न्हाय. जोती तुमच्याएवडा झाला. तुमच्या आईला दिसत न्हाय आता. यायचं आसंल तर या, मी काय बी इचारनार न्हाय, कुटं हुता, का गेला, काय बी न्हाय. आन् यायचं नसंल तर वाट बघू नगं म्हनून एकदा तोंडानं सांगा. माज्यासाटी येवडं करा."

ती पाव तास बोलत होती. मधे मधे तिने जोतीने त्या ताटात काय वाढायचं तेही सांगितलं, बांगड्यांचं सांगितलं, पुतळ्याचं सांगितलं. मी मान डोलवत कागदावर पेन फिरवत होतो. आणि लिहीत नव्हतो.

ते मी का केलं हे मला सांगता येतं. परक्या देशात एकटा पडलेला, आधीच घाबरलेला मुलगा. त्याला कसं लिहायचं की रिकाम्या खाटेपुढे उभा राहून बोल? त्याचं डोकं फिरलं असतं तर? मला वाटलं, मी शहाणपणा करतोय. मी लिहिलं, "इकडे सर्व कुशल. तब्येतीला जप, मनात भलतंसलतं आणू नकोस." दीड ओळ. पत्राला डिंक लावला आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आलो. तारीख चौदा सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी मी नीट जेवलो, हेही मला आठवतं.

चौथं पत्र पंचवीस तारखेला आलं. तारीख बघायची माझी धंद्याची सवय, ती आधी बघितली. जोतीरामने ते पंधरा सप्टेंबरला लिहिलं होतं. म्हणजे आमचं पत्र टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी. आमचं पत्र तोवर मुंबईलासुद्धा पोचलं नसेल.

"वहिनी," त्याने लिहिलं होतं, "आज पहाटे मी खाली पाणी तापवत होतो. हसन जिना उतरून धावत आला. तोंडाकडे बोट दाखवून म्हणाला, तो बोलला. पाठमोराच होता, पायांत चपला घालत होता. त्याने हसनला एक वाक्य सांगितलं आणि त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. हसनला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण त्याने पाठ केल्यासारखं मला म्हणून दाखवलं. मी हसनपुढे तुमचं नाव कधी घेतलेलं नाही. वाक्य असं होतं. 'गोजरला म्हणावं, तोंडानं सांग म्हणालीस म्हणून सांगतो. वाट बघू नको.' मी वर धावलो. खाटेवरची चादर चार घड्या घालून ठेवली होती. ताटातला भात तसाच होता."

मी मोठ्याने वाचत होतो आणि माझा आवाज दुसऱ्याचा असल्यासारखा मला ऐकू येत होता. जगात तीन गोष्टी एकत्र फक्त मला ठाऊक होत्या. ती काय बोलली, ते मी लिहिलंच नाही, आणि लिहिलं असतं तरी ते पोचलं नसतं. मी खूप बुद्धी चालवली. जोतीरामने वहिनीला मोकळं करायला हे रचलं असेल, असं म्हणावं, तर 'तोंडानं सांग' हे तिचे शब्द त्याच्याकडे कुठून गेले? ते त्या दारात फक्त मी ऐकले होते.

गोजरबाईने पदराने तोंड पुसलं. "बरं झालं," ती म्हणाली. मग विचारलं, "चपला घालत हुते म्हनजे कुटंतरी निगालेच आसतील की, व्हय?" 

दिवाळीनंतर जोतीराम आला. वाळला होता. मी त्याला एकदा बाजूला घेऊन उलटतपासणी घेतली, वीस वर्षं कामगारांची घ्यायचो तशीच. त्याने पत्रात होतं तेच, त्याच क्रमाने सांगितलं. आमचं दीड ओळीचं पत्र त्याला चोवीस तारखेला मिळालं होतं. आणि पंधरा तारखेच्या त्या पहाटेनंतर तिसरी चादर एकदाही मळली नाही.

अमावास्येला आम्ही सगळे मोडनिंबला गेलो. ओढ्याकाठी दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ. जोतीरामने अग्नी दिला. मग भावकीतल्या बायका बांगड्या फोडायला गोजरबाईकडे आल्या, तेव्हा तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"वाट बघू नगं म्हनले," ती म्हणाली. "बांगड्या फोड म्हनले न्हाईत."

बायका सोजरबाईकडे बघू लागल्या. जोतीरामने आल्यावर आईला सगळं सांगितलं होतं. म्हातारी धुराकडे तोंड करून बसली होती, डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लेकानं माज्या तिलाच सांगितलं, मला न्हाय सांगितलं. तिचं तिला ठावं."

सोलापूरला परतल्यावर महिनाभर मी गोजरबाईच्या दारावरून जाताना मान खाली घालायचो. ती मात्र पूर्वीसारखीच हजेरीवरून चेष्टा करायची. दिसायला बरी दिसत होती, झोप लागत असावी. शेवटी एका रविवारी दुपारी मला राहवलं नाही. मी तिच्या पायरीवर बसलो आणि सांगून टाकलं. की त्या दिवशीचा तुझा निरोप मी लिहिलाच नव्हता. तुला फसवलं. मला माफ कर.

तिने हातातली विडी वळून पुरी केली, दोरा गुंडाळला, आणि सुपात टाकली.

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "मी पाव तास बोलले आन् तुमी दीड वळ लिवली. वाचता येत न्हाय मला, अण्णा. पर किती पानात किती माल मावतो, ते मला कळतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमाला बोलून काय उपेग? तुमी भ्याला हुता. तुमी घरला गेला, मी दार लावलं आन् सोताच बोलले. तुमाला सांगितलं ते समदं, पहिल्यापासनं." तिने नवं पान उचललं. "बारा वरसं मी उगंच हेला सांग, तेला सांग करीत बसले. मधी कुनी लागतच न्हवतं."

"आणि मग?"

"मग काय. ऐकून घेतलं त्यांनी. मधी मी रडाया लागून थांबले, तर 'पुडं?' म्हनले."

ते कुठून म्हणाले, हे मी विचारलं नाही. तिच्या खोलीचं दार माझ्या पाठीशी उघडं होतं आणि मला मागे वळून बघायचं नव्हतं. तिने बारा वर्षं वाट बघितली, आणि तिचं एक वाक्य पोचवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा ते मी गिळलं होतं. मी उठलो, घरी आलो. त्यानंतर मी कोणाचंही पत्र लिहून दिलेलं नाही.